आवृत्ती काही संपेना

मराठी लेखकाचं एक जुनं दुखणं आहे. मानधनाचं विचारायला गेलं, की प्रकाशक म्हणतो, ‘अहो, कसलं मानधन! गठ्ठे पडून आहेत गोडाउनात.’ आणि लेखकाला मुलीच्या लग्नात वाटायला पंचवीस प्रती हव्या असल्या, की तोच प्रकाशक म्हणतो, ‘आवृत्ती कधीच संपली हो!’ एकच पुस्तक एकाच आठवड्यात पडूनही असतं आणि संपलेलंही असतं. अशा मुलखात, ‘माझं पुस्तक छापायचं एकदाचं थांबवा’ असं म्हणत कपाळाला हात लावून बसलेला लेखक शोधून सापडायचा नाही. तो बघायचा तर इंग्लंडात नॉर्थॅम्प्टनला जायला हवं. ॲलन मूर त्याचं नाव. दाढी छातीपर्यंत, राग त्याहून लांब.

१९८६-८७ साली या मूरनं आणि चित्रकार डेव्ह गिबन्सनं डीसी कॉमिक्ससाठी ‘वॉचमेन’ केलं. बारा अंकांची मालिका. सुपरहीरो या प्रकाराचं इतकं बारीक शवविच्छेदन त्याआधी कुणी केलं नव्हतं. करारात एक कलम होतं: पुस्तक बाजारातून गेलं आणि ठरल्या मुदतीत पुन्हा छापलं नाही, तर हक्क लेखक-चित्रकारांकडे परत. वाचायला किती सज्जन कलम! त्या काळी कॉमिकचा अंक महिनाभर स्टॉलवर टांगलेला राहायचा आणि मग रद्दीत जायचा. तेव्हा वर्ष-दोन वर्षांत आपली वस्तू आपल्या घरी येणार, असं कुणीही धरून चाललं असतं. १९८७मध्ये डीसीनं बाराही अंक एकत्र बांधून पुस्तक काढलं. ते खपलं. खपलं म्हणून पुन्हा छापलं. आणि मग छापायचं थांबवलंच नाही. पस्तीसहून जास्त वर्षं झाली, आवृत्ती काही संपत नाही. लेखकाला नागवायचं तर त्याचं पुस्तक दडपावं लागतं, असा आपला भाबडा समज होता. ते अखंड छापत राहूनही साधतं.

बरं, छापायचं तरी किती तऱ्हांनी? साधी पेपरबॅक झाली, पुठ्ठा बांधणी झाली. २००५ साली ‘ॲबसोल्यूट’ आवृत्ती आली; आकार मोठा, रंग नव्यानं भरलेले, वर पेटी. २०१६ला ‘नॉयर’ आवृत्ती आली. म्हणजे अकरा वर्षांपूर्वी नव्यानं भरलेले ते रंग काढून टाकून. (रंग भरायचे पैसे घेतले, रंग काढायचेही घेतले.) त्याच वर्षी एक पेटी निघाली, तिच्यात पुठ्ठा बांधणीची बारा सुटी पुस्तकं, एकेका पुस्तकात एकेक अंक. म्हणजे बारा सुटे अंक एकत्र बांधून पुस्तक केलं, आणि तीस वर्षांनी ते पुस्तक उसवून पुन्हा बारा सुटे अंक केले, फक्त आता प्रत्येकाला पुठ्ठा. २०१७ला टिपांसह आवृत्ती. २०२४ला ‘कॉम्पॅक्ट’, म्हणजे लहान आकाराची, दहा डॉलरच्या आतली. २००५मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकानं शंभर उत्तम इंग्रजी कादंबऱ्यांत ‘वॉचमेन’ला बसवलं, तेव्हा डीसीच्या कचेरीत पेढे वाटले असणार. लेखकाच्या घरी वाटले असतील असं वाटत नाही.

२०१०मध्ये डीसीनं मूरला म्हणे विचारलं, पुढचे-मागचे भाग काढायला होकार दे, हक्क परत देतो. मूर नाही म्हणाला. मग २०१२मध्ये मागचे भाग त्याच्यावाचून निघाले. ‘वॉचमेन’मधला खलनायक न्यूयॉर्कवर एक राक्षसी जनावर सोडतो, हे सगळ्यांच्या लक्षात राहतं. कराराच्या त्या कलमातला डाव त्याहून सुबक आहे, आणि त्यात रक्त सांडत नाही.

आता याच धंद्याची दुसरी बाजू. तिथं हत्यार नेमकं उलटं, न छापण्याचं.

मार्व्हल कंपनीनं २००५मध्ये ‘फँटॅस्टिक फोर’चा पहिला ऑम्निबस काढला. स्टॅन ली आणि जॅक कर्बी या जोडीचे १९६१पासूनचे पहिले तीस अंक, आठशेवर पानं, किंमत शंभर डॉलरला एक सेंट कमी. ऑम्निबस म्हणजे जाडजूड पुठ्ठा बांधणीचा महाखंड. आज अशा खंडांची किंमत सव्वाशे-दीडशे डॉलरवर गेली आहे. म्हणजे आपल्याकडे येईतो दहा हजारांच्या पुढं. महिन्याला वीस पानं, दहा-बारा सेंट, वाचलं की फेकून द्यायचं, अशा हिशेबानं जी वस्तू जन्माला आली, तिचं हे रूप. वजन तीन किलोच्या आसपास. झोपून वाचावं तर नाकावर पडायची भीती, मांडीवर घ्यावं तर पाय बधिर. शेवटी ज्ञानेश्वरीचं पारायण करणाऱ्या आजोबांसारखं लाकडी व्यासपीठ आणून त्यावर ‘हल्क’ ठेवावा लागतो. तिथंही गंमत आहे. कॉमिकमध्ये चित्रकाराचा आवडता खेळ म्हणजे समोरासमोरची दोन पानं मिळून एक मोठं चित्र. सुट्या अंकाला मधोमध दोन पिना असतात, पानं सपाट उघडतात. आठशे पानांच्या खंडात तेच चित्र मधल्या खाचेत उतरतं. हल्कचा डावा खांदा दिसतो, उजवा खांदा दिसतो, आणि ज्या तोंडातून ती आरोळी निघते आहे ते तोंड बांधणीच्या पोटात. ते बघायला पुस्तक दाबावं, तर डिंकाची बांधणी असेल तर पाठ कडकन वाजते. शिवलेली असेल तर पुस्तक दाबून घेतं. म्हणून हे भक्त नवा खंड घेताना गोष्ट कशी आहे ते नंतर विचारतात, शिवला आहे की चिकटवला आहे ते आधी.

आणि हा खंड एकदा छापला की सहसा पुन्हा लगेच छापत नाहीत. आगाऊ मागणी बघायची, तेवढा छापायचा, थोडा वर, बस. मग तो ‘ओओपी’ होतो. आउट ऑफ प्रिंट. ही तीन अक्षरं या पंथात अशी उच्चारतात की वाड्यात कुणी गेल्याची बातमी सांगावी. ओओपी झाला की चार महिन्यांत त्याची किंमत दुप्पट, तिप्पट. मग ज्यांच्याकडे दोन प्रती आहेत ते मिशीवर ताव देतात. मग एके दिवशी कंपनी जाहीर करते, ‘वाचकांच्या आग्रहास्तव पुनर्मुद्रण.’ किंमत धाडकन खाली. ज्यानं आदल्या आठवड्यात पंचवीस हजार मोजले, त्याची पाचावर धारण बसते. शिवाय एकाच खंडाला दोन जॅकेटं: एक सगळीकडे मिळणारं, दुसरं फक्त कॉमिक्सच्या दुकानांतून. आतला मजकूर अक्षर न् अक्षर तोच.

आमचा एक मित्र ठाण्याला असतो, आयटीत. त्याच्या बैठकीच्या खोलीत एक अख्खी भिंत अशा खंडांची. मध्यंतरी त्याला म्हटलं, ‘स्पायडरमॅनचा दुसरा खंड दे ना वाचायला.’ म्हणाला, ‘तो सीलबंद आहे रे.’ म्हटलं, ‘मग पहिला दे.’ म्हणाला, ‘पहिलाही.’ आतून वहिनी म्हणाल्या, ‘भाऊजी, आमच्याकडे स्पायडरमॅन प्लास्टिकात असतो. झाडू मारताना रोज बघते मी. मीच एकदा कात्री घेऊन फाडणार आहे.’ मित्राचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्यानं वाचलेलं नाही असं नाही. तो सगळं फोनवर वाचतो. मार्व्हलची वर्गणी वर्षाची भरली तरी एका ऑम्निबसपेक्षा स्वस्त पडते. खंड असतो तो असण्यासाठी.

न छापण्याच्या कलेतले उस्ताद मात्र वकील. १९७९मध्ये मार्व्हलनं ‘रॉम’ नावाची मालिका काढली, एका खेळण्याच्या जाहिरातीखातर. खेळणं होतं पार्कर ब्रदर्सचं. खेळणं बुडालं; कॉमिक मात्र पंचाहत्तर अंक चाललं. मग करार संपला. आता रॉम हा नायक खेळणीवाल्यांचा, आणि त्याच पानांवर त्याला भेटायला येणारी एक्स-मेन वगैरे मंडळी मार्व्हलची. यांना तो छापता येईना, त्यांना हे छापता येईनात. पंचाहत्तर अंक अधांतरी, पार २०२४मध्ये ऑम्निबस निघेपर्यंत. ‘मिरॅकलमन’ची कथा तर याहून नामी. मूळ नाव मार्व्हलमन, १९५४चा ब्रिटिश नायक. १९८२पासून आपल्या याच दाढीवाल्या मूरनं त्याला नवा जन्म दिला. नावात ‘मार्व्हल’ कशाला, म्हणून मार्व्हलची हरकत. अमेरिकेत नाव बदललं. प्रकाशक बुडाला, हक्कांवरून कोर्टकचेऱ्या, वीस वर्षं पुस्तक गायब. शेवटी हक्क घेतले कुणी? मार्व्हलनं. २०१४पासून पुनर्मुद्रण सुरू झालं, आणि लेखकाच्या जागी छापलं: ‘मूळ लेखक’. मूरचीच अट होती, माझं नाव नको. एका कंपनीकडे त्याचं पुस्तक अडकलेलं, दुसऱ्या कंपनीच्या पुस्तकात तो स्वतःच नाही.

हे सगळं हल्लीचं आहे असं कुणी समजू नये. जून १९३८च्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात सुपरमॅन उगवला. किंमत दहा सेंट. १९३९च्या उन्हाळ्यात त्याच्या नावाचं स्वतंत्र नियतकालिक निघालं, त्याच्या पहिल्या अंकात काय होतं? ‘ॲक्शन’च्या पहिल्या चार अंकांतल्याच गोष्टी, पहिलीच्या सुरुवातीला काही पानं जोडून. म्हणजे सुपरमॅन उडायला शिकला नव्हता (तेव्हा तो नुसत्या उड्या मारायचा), पण त्याचं पुनर्मुद्रण सुरू झालं होतं. ज्यांनी तो घडवला त्या जेरी सीगल आणि जो शूस्टर या पोरांनी सगळे हक्क १३० डॉलरला दिले. तो चेक ४१२ डॉलरचा होता; १३० सुपरमॅनचे, उरलेले इतर कामाचे. २०१२मध्ये त्या चेकचा लिलाव झाला, १ लाख ६० हजार डॉलरला गेला. आणि ‘ॲक्शन’च्या पहिल्या अंकाची एक चांगली प्रत २०२४मध्ये ६० लाख डॉलरला. सीगल-शूस्टरच्या हातात काय पडलं? कोर्टात जाऊन जाऊन थकल्यावर, शूस्टरची नजर जवळपास गेल्यावर, १९७५मध्ये वर्षाला प्रत्येकी वीस हजार डॉलरचं पेन्शन आणि अंकावर नाव. तेही सुपरमॅनचा मोठा सिनेमा यायचा होता आणि वर्तमानपत्रांत बोभाटा झाला होता, म्हणून.

मार्व्हलकडे तर चेकच्या पाठीमागेच मजकूर छापलेला असे. चेक वटवायचा तर पाठीवर सही हवी, आणि सही म्हणजे हक्कांवर पाणी. भाडं थकलंय, दूधवाला दारात, अशा वेळी चेकची पाठ वाचत बसणारा चित्रकार कोण? त्या काळी गोष्ट दुसऱ्यांदा छापली तरी काढणाऱ्याला दमडी मिळत नसे. म्हणून १९६०-७०च्या दशकात जुन्या गोष्टींचे पुनर्मुद्रित अंक सुळसुळाट झाल्यासारखे निघत. लेखक नको, चित्रकार नको, फक्त शाई आणि कागद. जॅक कर्बीनं आपली मूळ चित्रं परत मागितली तेव्हा सही करायला इतरांना एका पानाचं कबुलीपत्र, आणि याला खास चार पानांचं. बऱ्याच वादावादीनंतर १९८७मध्ये त्यानं काढलेल्या दहा हजारांवर पानांपैकी दोनेक हजार परत आली. बाकीची कुठं गेली, त्याला चोर जबाबदार की राखणदार, ते कुणी सांगत नाही. आता कुठलाही देखणा खंड उघडा. पहिल्याच प्रस्तावनेत कर्बी ‘द किंग’. राजा म्हणायला पैसे पडत नाहीत.

आणि २०१०पासून आणखी एक थाट सुरू झाला, ‘आर्टिस्ट्स एडिशन’. पहिलं होतं डेव्ह स्टीव्हन्सचं ‘रॉकेटीअर’. चित्रकाराचं मूळ पान जसंच्या तसं, मूळ आकारात स्कॅन करून छापायचं. पांढऱ्या शाईचे पोतेरे, समासातल्या पेन्सिलच्या खुणा, डिंकाचा पिवळा डाग, सगळं. ज्या कचेऱ्यांत ही मूळ पानं कोपऱ्यात रचून पडत, कुणालाही वाटून टाकत, प्रसंगी चोरीला जात, त्याच पानांवरचे डाग आता शंभराच्या वर डॉलर मोजून घरी आणायचे. हा प्रकार मात्र मला मनापासून आवडतो, हेही सांगून टाकतो. कर्बीचा हात एखाद्या रेषेवर कुठं थबकला आणि कुठं सुसाट सुटला, ते तिथं दिसतं. चकचकीत रंगीत खंडात ते शोधूनही दिसत नाही.

चकचकीत रंगांवरून आठवलं. जुनं कॉमिक पुन्हा छापायचं तर छपाईच्या मूळ फिल्म हव्यात. कित्येक अंकांच्या त्या कुणी जपल्याच नव्हत्या. मग काय करायचं? ग्रेग थीकस्टन नावाच्या गृहस्थानं एक युक्ती काढली. जुना छापील अंक मिळवायचा, खराखुरा, चाळीसचा, पन्नासचा. त्याची पानं सुटी करायची. रसायनात बुडवायची. लाल, निळा, पिवळा रंग उडून जातो, काळी रेघ तेवढी राहते. ती रेघ फिल्मवर घ्यायची, आणि तिच्यात नवे रंग भरायचे. डीसीच्या ‘आर्काइव्ह’ खंडांत आणि मार्व्हलच्या ‘मास्टरवर्क्स’मध्ये अशी पानं वापरली गेली. म्हणजे जतनासाठी जो खंड तुम्ही कपाटात ठेवला, त्याच्यापायी मूळचा एक अंक ब्लीच होऊन संपला. आजचे हे लिलावाचे आकडे बघितले की त्या टबात काय काय धुतलं गेलं असेल या विचारानं संग्राहकांना झोप येत नाही. मला वाटतं, काम चोख होतं. एक अंक मेला, हजारो लोकांनी गोष्ट वाचली. पण हे त्या ठाण्याच्या मित्रासमोर बोलायची सोय नाही.

पुन्हा रंग भरताना तर जो तो आपला हात धुऊन घेतो. जुनं कॉमिक स्वस्त, पिवळट, शोषक कागदासाठी रंगवलेलं असे. भडक रंग त्या कागदात मुरून बेताचे व्हायचे. तेच रंग गुळगुळीत आर्ट पेपरवर छापले की सगळी मंडळी रंगपंचमी खेळून आल्यासारखी दिसतात. १९८८चं ‘द किलिंग जोक’ जॉन हिगिन्सनं जांभळ्या-पिवळ्या-हिरव्या झगमगाटात रंगवलं होतं. २००८च्या आवृत्तीत चित्रकार ब्रायन बोलंडनं स्वतः बसून ते सगळं राखाडी, थंड केलं. आता कुठलं खरं? वाद घाला. दोन्ही आवृत्त्या घ्या आणि वाद घाला. कंपनीला वादाचं वावडं नाही.

मला खरा राग आहे तो जाहिराती गाळल्याचा. जुन्या अंकात एका बाजूला थॉर वीज पाडतोय, आणि समोरच्या पानावर चार्ल्स ॲटलस पाप्याच्या पितरांना पैलवान करून द्यायचं वचन देतोय. त्याच्या खाली एक्स-रे चष्मा, भिंतीपलीकडचं दिसेल म्हणे. शेजारी ‘सी-मंकी’, पाण्यात टाका, माणसासारखं कुटुंब जिवंत होईल. प्रत्यक्षात निघायचे खाऱ्या पाण्यातले कोळंबीएवढेही नसलेले किडे. हे दोन्ही एकाच माणसाचे उद्योग, हॅरल्ड फॉन ब्राउनहट. लाखो अमेरिकन पोरांना आयुष्यातला पहिला गंडा याच पानांवर बसला. आणि संकलित खंडात काय, तर थॉर आहे, वीज आहे, शेजारी पान कोरं किंवा दुसरा थॉर. पोरांना शक्ती विकणारे दोघे होते, त्यातला एकच ग्रंथालयात पोचला. काही ऑम्निबसांत वाचकांची पत्रं तरी ठेवतात. ती फार करमणुकीची. अमुक अंकात स्पायडरमॅनच्या जाळ्याची गाठ चुकीची होती म्हणून बारा वर्षांचा पोरगा संपादकाला फैलावर घेतो. तोच पोरगा आज साठीचा होऊन पुठ्ठ्याच्या दर्जावरून फैलावर घेतो.

सलग वाचलं की आणखी एक भानगड कळते. दर महिन्याला एक अंक, मधल्या तीस दिवसांत वाचक सगळं विसरतो, शिवाय कुणीतरी आजच पहिल्यांदा उचलतो, असं धरून ते लिहिलेले. त्यामुळे दर अंकात एक्स-मेनमधला सायक्लॉप्स आपल्या डोळ्यांतून निघणाऱ्या किरणांबद्दल शोक करतो, तो लाल चष्मा का घालावा लागतो ते सांगतो. वुल्व्हरिन आपले पंजे कशाचे ते सांगतो. महिन्यातून एकदा ऐकायला बरं वाटतं. ‘अनकॅनी एक्स-मेन’च्या पहिल्या ऑम्निबसमध्ये चाळीसभर अंक एका बैठकीत गेले, की वाटतं, बाबा रे, कळलं, चष्मा काढू नकोस.

नव्या लेखकांनी यावर तोडगा काढला आणि तो रोगापेक्षा भारी निघाला. शेवटी खंडच निघणार आहे ना, मग खंडासाठीच लिहू. १९६२मध्ये ली आणि स्टीव्ह डिटको यांनी स्पायडरमॅनच्या जन्माची सगळी कथा अकरा पानांत सांगितली. कोळी चावला, शक्ती आली, माज आला, काका मेला, अक्कल आली; अकरा पानं. २०००मध्ये ‘अल्टिमेट स्पायडरमॅन’नं तीच कथा पुन्हा सांगितली, पहिला खंड सात अंकांचा. पात्रं बोलतात छान, मान्य. पण बेन काका आता जातो, मग जातो करत चार-चार महिने टिकतो. पाच-सहा अंकांचा एक खंड बरोबर बसावा म्हणून गोष्ट ताणायची. मग वर्षभरात पेपरबॅक, मग पुठ्ठा, मग ऑम्निबस.

ज्याला नुसतं वाचायचंच आहे त्याचीही सोय एकदा झाली होती. मार्व्हलनं १९९६पासून ‘इसेन्शिअल’ नावाचे खंड काढले, काळे-पांढरे, टेलिफोन डिरेक्टरीच्या कागदावर, पाचशे-पाचशे पानं, आणि किंमत एका बऱ्या जेवणाची. बसमध्ये न्या, चहा सांडा, अंगठा लावा. कर्बीची रेघ तिथं रंगांच्या गर्दीतून सुटलेली दिसे. तो प्रकार बंद केला आणि २०१३पासून रंगीत ‘एपिक कलेक्शन’ आणलं. त्याचा क्रम ऐकाल तर चक्रावाल. एका नायकाचे वीस-बावीस खंड ठरवलेले, प्रत्येकाच्या पाठीवर क्रमांक, पण निघताना कुठलाही आधी. सतरावा आधी, मग चौथा, मग विसावा. दुसरा कधी? बघू. कपाटात दात पडल्यासारख्या फटी, आणि घरातला माणूस त्या फटींकडे बघत दिवस मोजत बसलेला. तोपर्यंत सतरावा ओओपी.

आपल्याकडे ही बांधाबांध प्रकाशकाच्या आधी वाचकानं केली. टाइम्सवाल्यांनी १९६४मध्ये मुंबईतून इंद्रजाल कॉमिक्स सुरू केली, मराठीतही काढली. ली फॉकचा फँटम आपल्याकडे ‘वेताळ’ होऊन आला. घरोघरी पोरांनी ते अंक जमवले, दहा-बारा झाले की चौकातल्या बाइंडरकडं दिले. त्यानं काठाला सुई-दोरा घातला, वर मार्बल पेपर डकवला, आणि कातरताना वेताळाचं अर्धं डोकं उडवलं. तो खंड आळीत फिरायचा. परत आला तर शेवटची चार पानं नसत. त्याला कुणी ओओपी म्हणत नव्हतं, शेजारच्या बंड्यानं ढापलं म्हणत.

थेट मार्व्हलच्या खंडांत शिरलेला एक मुंबईकर आहे, पवित्र प्रभाकर. २००४च्या अखेरीला गॉथम कॉमिक्सनं ‘स्पायडरमॅन इंडिया’ आपल्याकडे काढलं. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग. खेड्यातून शिष्यवृत्तीवर मुंबईला आलेला पोरगा, मायाकाकू, भीमकाका, शत्रू नलिन ओबेरॉय. शक्ती देतो एक योगी, आणि पोरगा धोतर नेसून इमारतींवरून झोके घेतो. दादरला गर्दीच्या वेळी चढून दाखव म्हणावं. चार अंक, २००५मध्ये त्यांचा एक बारीकसा खंड, आणि मग बराच काळ जवळपास सगळं गप्प. २०२३मध्ये ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ या सिनेमात पवित्र ‘मुंबॅटन’ नावाच्या शहरात चहावरून विनोद करत हिंडला, जगभरच्या पोरांना आवडला, आणि त्याच वर्षी मार्व्हलला आठवलं की अरे, हा आपलाच. लगेच पाच अंकांची नवी मालिका.

ठाण्याच्या मित्राला विचारलं, तुझ्याकडे तो २००५चा खंड आहे का रे? तो जरा वेळ गप्प बसला. म्हणाला, ‘होता. तेव्हा कुणी विचारत नव्हतं. ही म्हणाली जागा अडते, म्हणून चर्चगेटच्या फुटपाथवर चाळीस रुपयांना दिला.’ आतून वहिनींचा आवाज आला, ‘माझं नाव घेऊ नका. मी फक्त ते एक्स-मेन द्या म्हटलं होतं.’